मौनाचा अर्थ

मौन म्हणजे संमती, असे मी वर्गात अनेकदा सांगत आलो आहे. पण काही ठिकाणी मौनाचा अर्थ चक्क नकार असा होतो, हे मला २०२४ साली बँकेच्या खिडकीपाशी कळले.

माझे पी.पी.एफ.चे खाते २००८ सालचे. नोकरी लागताच वडिलांनी ते उघडायला लावले. ते शिक्षक होते. त्यांना पेन्शन मिळे. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या आम्हां मंडळींना ती जुनी पेन्शन नाही. "माझे म्हातारपण सरकार बघते आहे, तुझे तुलाच बघायचे आहे," एवढेच ते म्हणाले.

पंधरा वर्षांची मुदत ३१ मार्च २०२४ ला भरली. एप्रिलच्या पाच तारखेच्या आत पैसे भरले की त्या महिन्याचेही व्याज पदरात पडते, म्हणून मी नेमाप्रमाणे गेलो. कारकुनाने स्लिप परत केली.

"सर, आधी अर्ज द्या, मग आणखी पाच वर्षे भरा. अर्जावाचून भरलेल्या पैशाला व्याज नाही. आणि वर्षभर गप्प राहिलात, तर आहे त्या रकमेवर व्याज मिळेल, पण नवा पैसा या खात्यात पुन्हा घेता येणार नाही."

घरी आलो तो मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीचा कागद टेबलावर. मी म्हणालो, "सगळेच काढून टाकू."

"अहो, सगळे कशाला?" ही म्हणाली. "खाते चालू ठेवून पैसे भरत राहिलो, तरी आजच्या शिलकेपैकी साठ टक्क्यांपर्यंत या पाच वर्षांत काढता येतात, वर्षातून एकदा. मी विचारून आले आहे."

म्हणजे मी मुलीच्या फीची काळजी करीत होतो, तेव्हा ही माझ्या म्हातारपणाची करीत होती! सोळा वर्षांपूर्वी वडिलांनी केली होती, तशीच. फक्त मीच कधी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अर्ज दिला. पहिली फी त्याच खात्यातून गेली. आता ३१ मार्च २०२९ नंतर वर्षाच्या आत पुन्हा तोंड उघडावे लागेल.

मौन म्हणजे संमती, असे मी अजूनही शिकवितो. मात्र नव्याने लागलेल्या तरुण सहकाऱ्यांना स्टाफरूममध्ये गाठून हा अपवादही सांगतो.