मंडईच्या दारावरचे शेतकरी

रमजानचा चंद्र दिसण्याआधी खजूर घ्यायला आम्ही तिघे भाऊ दरवर्षी क्रॉफर्ड मार्केटला जातो. कागदोपत्री ती महात्मा जोतिबा फुले मंडई, पण आमच्या अब्बांच्या तोंडी नुसतं 'मार्केट'. रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या घेऊन ते इथे यायचे. १९९६ साली फळांचा घाऊक बाजार नवी मुंबईला गेला आणि त्यांचं इथलं येणं थांबलं. "तिकडे जागा मोप आहे, पण हे छप्पर नाही," असं ते म्हणायचे. छपराचं एवढं काय, असं आम्हाला वाटे.

यंदा खरेदी लवकर आटोपली आणि आम्ही प्रथमच मान वर करून पाहिलं. ही इमारत १८६९ साली पूर्ण झाली. आराखडा विल्यम इमर्सनचा. पुढे कोलकात्याचं व्हिक्टोरिया मेमोरियलही त्यानेच आखलं. गव्हाळ दगड कुर्ल्याचा, तांबडा वसईचा. आतलं छप्पर चांगलं उंच, आणि दिवसाचा उजेड तिथूनच खाली उतरतो. हापूसचा रंग दिव्याखाली फसवतो, हे अब्बांनीच आम्हाला शिकवलं होतं. त्यांना हे छप्पर का आठवायचं, ते तिथे उभं राहिल्यावर कळलं.

दारांच्या कमानींवर दगडात कोरलेली चित्रं आहेत. ती जे. जे. कला विद्यालयात शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांची. लेखक रुडयार्ड किपलिंगचे हे वडील. आम्हा मास्तरांना मुलापेक्षा त्यांचंच अप्रूप जास्त. त्या चित्रांत कुणी राजा नाही, गव्हर्नर नाही. शेतात राबणारी इथलीच माणसं आहेत.

अब्बा किती हंगाम त्यांच्या खालून गेले असतील! पण पेट्यांचा हिशेब आणि दलालाची घाई, यात वर कोण बघतो? त्यांनी कधी या चित्रांचा विषय काढला नाही आणि आम्हीही विचारलं नाही. शेवटच्या वर्षी मात्र ते म्हणाले होते, "एकदा मला मार्केटला न्या." गर्दी आहे, ऊन आहे, तुमचे गुडघे दुखतात, अशी कारणं आम्ही पुढे केली. ईद झाली की नेतो म्हणालो. त्या ईदला ते नव्हते.

जुहरची अजान झाली. खजुराच्या पिशव्या ओळखीच्या दुकानात ठेवून आम्ही जवळच्या जामा मशिदीकडे निघालो. माल उतरवला की अब्बाही तिथेच नमाजला जायचे.