कटलेला दोरा

डाव्या कानाखाली सात टाके पडले तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकाने पहिला प्रश्न एकच विचारला, "हेल्मेट नव्हतं का?" होतं. डिकीत होतं. चौकात पोलीस दिसला की ते बाहेर यायचं आणि चौक ओलांडला की परत आत जायचं.

संक्रांतीला चार दिवस होते. संध्याकाळी नाशिकच्या उड्डाणपुलावरून स्कूटरने उतरत होतो. आधी वाटलं, कोळ्याचं जाळं चेहऱ्याला लागलं. हाताने बाजूला करायला गेलो तर जाळं हलेना. गळ्याला मफलर होता, बायकोने सकाळी बळेबळे गुंडाळलेला. दोरा त्यात रुतला आणि सरकत सरकत कानाखाली गेला. तो मफलर अजून कपाटात आहे. कात्रीने कापावा इतका सरळ काप आहे त्याला.

दोरा कुणाचा होता, हे मात्र कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

माझं लहानपण येवल्याचं. तिथे संक्रांत एका दिवसात उरकत नाही. भोगी, संक्रांत, कर असे तीन दिवस सगळं गाव गच्चीवर. पैठणीचं गाव, त्यामुळे दोऱ्याची पारख ज्याला त्याला. फिरकीला आमच्याकडे कुणी विचारत नाही, आसारी लागते, आणि ती गरागरा फिरवायला मनगट लागतं. मांजा घरीच सुतवायचा. आमचे नाना जुन्या ट्यूबलाइटच्या काचा फडक्यात बांधून कुटायचे, त्याचं पीठ वस्त्रगाळ करायचे, सरसात शिजवून त्यात रंग घालायचे. दोन खांबांमध्ये सुती दोरा ताणायचा आणि लुगदी चिमटीत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं. रात्री आमच्या बोटांना चिरा आणि नानांच्या बोटांना चिकटपट्ट्या. हा मांजाही कापायचाच, त्याबद्दल उगाच भाबडं होऊ नये. पण तो पहिल्यांदा आपल्याला कापायचा. शिवाय जोर पडला की तुटायचा आणि एका पावसाळ्यात कुजून जायचा.

एक नियम मात्र लहानथोर सगळे पाळायचे. ज्याचा पतंग कटला त्याचा हक्क तिथेच संपला; आता तो लुटेल त्याचा. यावरून मारामाऱ्या झाल्या, पण नियम कुणी नाकारला नाही. पतंगामागे लोंबत गेलेल्या दोऱ्याचं काय, याचा नियमच नव्हता. कुजणाऱ्या वस्तूला कशाला हवा?

आता हेल्मेटचं. माझे मेहुणे पुण्याचे. ज्या शहरात हेल्मेटसक्तीविरुद्ध कृती समिती उभी राहते त्या शहराचे. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्याच्या १२९व्या कलमात हेल्मेट आहेच. पण मेहुण्यांचा सवाल असा की डोकं माझं, फुटलं तर माझं फुटेल, सरकारचं काय जातं? आगरकरांनी ज्याच्यापासून बरंच घेतलं त्या इंग्रज तत्त्वज्ञ मिलने १८५९ साली जवळपास हेच मांडलं होतं : दुसऱ्याला इजा होत नसेल तर माणसाला त्याच्या मर्जीवर सोडावं. मेहुण्यांनी मिल वाचलेला नाही. तरी त्यांचं म्हणणं मला बरंचसं पटतं. (टाके घालून बाहेर आल्यावर बाकावर बसलेल्या बायकोचा चेहरा पाहिला, तेव्हापासून 'फक्त माझं' हे शब्द जरा जपून वापरतो, एवढंच.)

नायलॉन मांजाबाबत तर मिल आणि मेहुणे दोघेही बंदीच्या बाजूने उभे राहतील. बंदी आहेच. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ ला देशभर घातली. पोलीस दरवर्षी छापे घालतात, या मांजाचे गट्टू जप्त करतात, विक्रेत्यांना तडीपारही करतात. आणि तरीही माझ्या कानाखाली सात टाके आहेत.

का, ते मला चांगलं ठाऊक आहे. अपघाताच्या तीन वर्षं आधी भाच्याने हट्ट धरला म्हणून मी स्वतः गट्टू घ्यायला गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "बंद आहे साहेब, बोर्ड लावलाय बघा." बोर्ड खरंच होता. मी तिथेच रेंगाळलो. जरा वेळाने तो हळूच म्हणाला, "किती पाहिजेत?" दहा मिनिटांनी एक पोरगा दुचाकीवरून आला आणि बनियनच्या खोक्यातून गट्टू काढून दिला. खरं सांगतो, लाज वाटली नाही, गंमत वाटली. आपण काही बेजबाबदार माणसं नाही. गच्चीवरूनच उडवू, रस्त्याच्या बाजूला नाही, भाच्याला हातमोजे घालू. सगळं पाळलंही. दुपारपर्यंत भाच्याचे दोन पतंग कटले आणि लांबलचक दोरा घेऊन गोदावरीच्या दिशेने गेले. तो रडवेला झाला. मी म्हटलं, "जाऊ दे रे, गट्टू भरलेला आहे."

तो दोरा आमच्या हातात होता तेवढाच वेळ माझी जबाबदारी टिकली. काट झाली आणि दोरा बेवारस झाला. दंड करायला मालक लागतो, आणि हा दोरा गळ्याला लागतो तेव्हा त्याला मालक नसतो. मालक असतो तो कारखान्यात, गोदामात, बनियनच्या खोक्यात. तिथे हात घालायला चिकाटी लागते. गच्चीवरचं पोर पकडणं सोपं. त्याहून सोपं म्हणजे दुचाकीवाल्याला सांगणं, बाबा रे, गळ्याला काहीतरी गुंडाळ. नागपुरात संक्रांतीच्या दिवशी उड्डाणपूलच बंद ठेवतात. आमच्याकडे जानेवारी लागला की सिग्नलपाशी स्कूटरच्या हँडलला बसवायच्या तारेच्या कमानी विकायला येतात. पतंग ज्याने हातात धरला नाही त्याने पदरचे पैसे घालून गळा सांभाळायचा. चिडचिड करत मीही एक बसवून घेतली.

त्या गट्टूतला दोरा उरलाय. माळ्यावर नानांच्या आसारीशेजारी पडून आहे. आसारीवरचा सुती दोरा हात लावला की भुगा होतो. गट्टू जसाच्या तसा, हिरवागार, चकचकीत. जाळला तर वितळून चिकट गोळा होईल आणि वास घरभर. पोलिसांकडे द्यावा तर ते विचारणार, घेतला कुठून. भाच्याला देऊन टाकणं तर शक्यच नाही, तो घ्यायला एका पायावर तयार आहे. परवा शेवटी पिशवीत घालून खाली उतरलो आणि घंटागाडीवाल्याला दाखवला. त्याने पिशवीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "ओला का सुका?"