पोर्तो रिको ते कोसाड, व्हाया ‘अलबेला’

सुरतहून अहमदाबादच्या दिशेने निघालं की तापीचा पूल, मग उत्राण आणि मग कोसाड. एक्सप्रेस गाड्या इथे थांबत नाहीत, त्यामुळे आमचं गाव बऱ्याच जणांनी फक्त खिडकीतून पाहिलेलं असतं. एकीकडे जुनं गावठाण, दुसरीकडे महापालिकेने बांधलेल्या घरांच्या एकसारख्या इमारती, ज्यांना सगळे ‘कोसाड आवास’ म्हणतात. सायणकडे सरकलं की अजून ऊस दिसतो. अमरोलीच्या बाजूने लूमचा आवाज रात्रीही थांबत नाही.

सुरतेतली मराठी वस्ती म्हटलं की उधना, लिंबायत, डिंडोली ही नावं येतात. नदीच्या या बाजूला आपण थोडे. जे आहेत ते बहुतेक खानदेशातले, उधन्याहून जळगावला जाणाऱ्या लाइनने आलेले. मजा म्हणजे तापीसुद्धा भुसावळवरून वाहत इकडेच येते. मी इथे सहा वर्षं राहतो, कोडिंगचं काम करतो आणि गणपती मंडळाच्या हिशोबाची एक्सेल शीट माझ्या गळ्यात आहे. म्हणून ही गोष्ट मला पैशांच्या बाजूने आधी कळली.

आमच्या मागच्या गल्लीत आप्पा राहतात. मूळचे दोंडाईच्याकडचे. रोजचं काम लूमवर आणि लगीनसराईत बँडमध्ये ट्रम्पेट. त्यांच्या वडिलांचाही बँडच होता. एकेकाळी आप्पांच्या बँडमध्ये चौदा माणसं होती, आता सात उरली. डीजे आला आणि वरातीतून बँड गेला. यंदा मंडळाच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा आप्पा स्वतः येऊन बसले. गणपतीचं काम मिळालं तर सात जणांना एकत्र ठेवता येईल, नाहीतर ट्रम्पेट विकून कायमची रात्रपाळी घ्यायची, एवढंच त्यांनी सांगितलं. आवाज अजिबात चढवला नाही.

मंडळातली मुलं विशी-बाविशीची. त्यांचं म्हणणं, बँडवर तीच ती जुनी ‘आपली’ गाणी, जरा इंटरनॅशनल काहीतरी हवं. आप्पांनी उत्तर दिलं नाही. पिशवीतून ट्रम्पेट काढलं आणि ‘गोरे गोरे ओ बांके छोरे’ वाजवलं.

मला हसू आलं, कारण त्या खोलीत त्याच्याइतकं इंटरनॅशनल दुसरं काही नव्हतं.

हे गाणं 1950 च्या ‘समाधी’ सिनेमातलं. लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांनी गायलेलं. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, जन्म 1918. पण चाल आली ‘चिको चिको फ्रॉम पोर्तो रिको’ या गाण्यावरून. ते 1945 मध्ये ‘डॉल फेस’ या अमेरिकन सिनेमात कार्मेन मिरांडाने गायलं होतं. ही बाई जन्माने पोर्तुगालची आणि वाढली ब्राझीलमध्ये. पोर्तुगीज म्हटलं की आपल्याला किल्ले आणि लढाया आठवतात, सुरतचा किल्लाही त्यांच्याच हल्ल्यांच्या धाकाने बांधलेला. पण त्यांच्याच जहाजांतून अमेरिकेतला बटाटा आपल्याकडे आला आणि ‘पगार’ हा शब्दही त्यांच्याच भाषेतला. बटाटेवड्याला कोणी परदेशी म्हणत नाही. ‘गोरे गोरे’चं तसंच झालं.

ती चाल पुणतांब्याच्या माणसापर्यंत पोचली कशी, तर मधे गोवा आहे. बार्देश तालुक्यातलं हळदोणे हे गाव. तिथला अंतोनियो झेवियर वाझ नावाचा मुलगा मुंबईत ट्रम्पेटवादक झाला आणि चिक चॉकलेट या नावाने गाजला. लोक त्याला हिंदुस्तानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. ताजमहाल हॉटेलात त्याचा बँड वाजे. गोव्यातली मुलं चर्चच्या शाळेत लहानपणीच नोटेशन वाचायला शिकत, म्हणून मुंबईच्या स्टुडिओंना ती हवी असत. संगीतकार चाल गुणगुणून दाखवी आणि वीस-पंचवीस वाद्यांसाठी कागदावर कोणी काय वाजवायचं ते ही मंडळी लिहून काढत. यातल्या फार थोड्यांची नावं पडद्यावर आली. माझ्या मते आपल्या सिनेसंगीताच्या इतिहासातली ही मोठी उधारी आहे.

सी. रामचंद्र आणि चिक यांची जोडी ‘अलबेला’त, 1951 मध्ये, सगळ्यात रंगली. ‘शोला जो भडके’मध्ये बोंगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन असं सगळं आहे. ‘दीवाना परवाना’ या गाण्यात तर चिक आणि त्याचा बँड झालरीच्या बाह्यांचे लॅटिन कपडे घालून पडद्यावरच दिसतो. यूट्यूबवर बघा. आणि हा सिनेमा काढणारे, त्यात नाचणारे भगवानदादा म्हणजे भगवान आबाजी पालव, मुंबईच्या गिरणी कामगाराचे चिरंजीव. 2016 च्या ‘एक अलबेला’मुळे तुमच्यापैकी काहींना ते माहीत असतील. पुढे 1957 च्या ‘आशा’तलं ‘ईना मीना डीका’ही सी. रामचंद्रांचंच. त्यातल्या अर्थ न लागणाऱ्या शब्दांत दोन कोंकणी शब्द आहेत आणि ते जॉन गोम्स या त्यांच्या गोवेकर साहाय्यकाने घातले, असं सांगतात. याच माणसाने 1963 मध्ये ‘ऐ मेरे वतन के लोगों’ला चाल दिली.

हे सगळं मी बैठकीत सांगितलं तेव्हा एका मुलाने विचारलं, मग हा लॅटिन प्रकार नेमका काय? मी वहीवर सोळा चौकोन काढले. एक ते सोळा मोजत जायचं आणि 1, 4, 7, 11, 13 ला टाळी द्यायची. क्यूबाच्या संगीतात याला क्लावे म्हणतात. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या तालातून ते घडलं. आधी तीन टाळ्या, मग दोन. करून बघा, सातनंतर हात घाई करतो. आप्पांचा साइड ड्रमवाला मात्र दुसऱ्याच फेरीला बरोबर आला.

मग मी फोनवर सँटाना लावलं. कार्लोस सँटाना 1947 चा, मेक्सिकोतल्या आउत्लानचा. वडील मारियाची बँडमध्ये व्हायोलिन वाजवायचे. मारियाची म्हणजे तिकडचा लग्नकार्यातला बँडच म्हणा. कामासाठी घर सीमेवरच्या तिहुआनाला गेलं आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोला. तिथे या पोराने हॉटेलात भांडी घासली आणि 1966 मध्ये बँड सुरू केला. निकाराग्वाचा तालवादक, अमेरिकन ऑर्गनवादक, विशीतला ड्रमर. ऑगस्ट 1969 मध्ये वुडस्टॉकला ते वाजवायला उभे राहिले तेव्हा त्यांचा पहिला अल्बमही बाजारात आला नव्हता. 1970 च्या ‘अब्राक्सास’ अल्बममधलं ‘ब्लॅक मॅजिक वुमन’ इंग्लंडच्या पीटर ग्रीनचं आणि ‘ओये कोमो वा’ टीटो प्वेंतेचं. टीटो न्यूयॉर्कचा, आईवडील पोर्तो रिकोचे. म्हणजे लॅटिन रॉकची दोन गाजलेली गाणी मुळात दुसऱ्यांची! पुढे जॉन मॅक्लॉफ्लिन, ॲलिस कोल्ट्रेन, 1999 च्या ‘सुपरनॅचरल’मध्ये तर जवळजवळ प्रत्येक गाण्याला नवा जोडीदार.

आप्पांनी ‘ओये कोमो वा’ दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ट्रम्पेटवर ऑर्गनची ती सुरुवातीची ओळ काढली, एक सूर इकडेतिकडे, पण काढली. मुलांनी लगेच मोबाइल वर केले. आप्पा म्हणाले, “हाई तं सोपं शे, भाऊ. ‘गोरे गोरे’ जास्त कठीन शे. ते मना बाप वाजाडे.”

मतदान झालं. विसर्जनाला डीजे आठ विरुद्ध पाच मतांनी जिंकला. आगमनाला मात्र बँड, पूर्ण सात जणांचा. मुलांची अट, निम्मी गाणी ते सुचवणार. आप्पांची अट, सुपारी आधी. मी ती शीटमध्ये त्याच रात्री भरली आणि दुसऱ्या दिवशी पैसे दिले. एका मिरवणुकीने सात घरं वर्षभर चालत नाहीत, हे आप्पांनाही कळतं. ट्रम्पेट विकायचं सध्या त्यांनी लांबवलं आहे, दिवाळीनंतरच्या लग्नांच्या किती तारखा येतात ते बघून ठरवणार आहेत.

सराव रविवारी संध्याकाळी गावठाणाजवळच्या मोकळ्या जागेत चालतो. एका मुलाने बोंगो आणलेत, हात अजून बसायचा आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी या हंगामात लग्न असेल तर एकदा येऊन ऐकून जा. मेमूने आलात तर स्टेशनावरून चालत येण्यासारखं आहे, आणि आवाज लांबूनच येतो.