हौदा रिकामा, पासिंग भरली

कराड–चिपळूण रस्त्यावर मी माझा छोटा हत्ती चालवतो. पाटण, कोयनानगर, हेळवाक मागे टाकून कुंभार्ली घाट उतरला की पोफळी. गाडीत बहुतेक वेळा टाइल्स, ग्रॅनाइट आणि सिमेंट असतं. जागा कमी खाणारा आणि वजनाला भारी असा हा माल. त्यामुळे भरताना दुकानात एकच वाद ठरलेला.

दोन बाय दोनच्या टाइल्सच्या २० पेट्या केबिनला टेकून दोन रांगांत उभ्या लावल्या, की हौद्याचा पुढचा जेमतेम दीड फूट भरतो. मागे साडेपाच फूट मोकळे दिसतात. शेठ म्हणतात, "दादा, अजून पंधरा पेट्या आणि सिमेंटची दहा पोती सहज बसतील." मी म्हणतो, "शेठ, हौदा रिकामा आहे, पण पासिंग भरली."

हिशेब सोपा आहे. आरसी बुकात रिकाम्या गाडीचं वजन असतं आणि भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन असतं. दोन्हींची वजाबाकी म्हणजे आपली पासिंग, म्हणजे भाराची मर्यादा. माझ्या गाडीला ती साडेसातशे किलोच्या आसपास येते. रिकाम्या वजनात ड्रायव्हर धरलेला नसतो, म्हणून मी आणि बरोबरचा हमाल मिळून दीडशे किलो आधीच गेले. टाइल्सची पेटी साधारण २८ किलोची, २० पेट्यांचे ५६० किलो. झाली गाडी फुल्ल. शेठ सांगतात तसं भरलं तर वर आणखी ९२० किलो चढतात, म्हणजे मर्यादेच्या दुपटीहून जास्त.

सपाटीला गाडी ओढते, म्हणून सगळ्यांना वाटतं चालतंय. घाटात कळतं. वजन दुप्पट झालं की त्याच वेगात गाडी थांबवताना लायनर आणि ड्रम यांच्यात उष्णताही दुप्पट होते. आधी करपट वास येतो. मग ब्रेक ऑइल उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि पेडल दाबलं तरी नुसतं खाली जातं.

कुंभार्लीच्या उतारावर माझ्यापुढे चाललेल्या एका पिकअपचं हेच झालं. मागचा भाग पार बसलेला, चाकांतून धूर. ड्रायव्हरने गाडी डोंगराच्या अंगाला गटारात घातली म्हणून वाचला. आम्ही धावत जाऊन चाकांपुढे दगड लावले. ड्रमजवळ हात नेववत नव्हता. पोरगा विशीतला, पाणी पिताना त्याचा हात थरथरत होता. "मालक म्हणाले, बसतंय तेवढं भर," एवढंच तो बोलला. वाटेत वस्ती आहे, शाळेची पोरं रस्त्याच्या कडेनं चालतात. गटाराऐवजी ती पोरं समोर आली असती तर काय झालं असतं, हा विचार मला आजही सोडत नाही.

पुष्कळ जण गाडीच्या स्प्रिंगला जादा पाटा टाकून घेतात. त्यानं गाडी बसत नाही, एवढंच. ब्रेक, एक्सल आणि टायर कंपनीने दिलेलेच राहतात. टायरच्या कडेवर भाराचा आकडा छापलेला असतो. ८६ लिहिलं असेल तर त्या टायरला ५३० किलो झेपतात, पाटा वाढवून त्याचे ५३१ होत नाहीत.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये ओव्हरलोडला २० हजारांचा दंड आहे, शिवाय जादा वजनाला टनामागे दोन हजार. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही आणि तो उतरवायचा खर्चही आपल्यालाच भरावा लागतो.

पण नुसत्या दंडाने हे थांबणार नाही. आमच्याकडे भाडं खेपेवर ठरतं. एका खेपेत जितकं कोंबाल तितका माल पाठवणाऱ्याचा फायदा, आणि जीव ड्रायव्हरचा. गाडीचा हप्ता डोक्यावर असलेल्या पोराला नाही म्हणणं सोपं नसतं. म्हणून दुकानदारांनी बिलावर नगांबरोबर किलोही लिहावेत आणि भाडं किलोवर ठरवावं. घर बांधणाऱ्यांनीही दुसऱ्या खेपेचे पैसे अंदाजपत्रकात आधीच धरावेत. मी माझी भाडी आता किलो विचारूनच ठरवतो. काही गिऱ्हाइकं तुटली. जी राहिली, ती फोनवर आधी वजन सांगतात आणि मग पत्ता.