अधुरी दास्तान

उर्दू शाळेत दास्तान शिकवताना तास संपला की पोरं हमखास विचारतात, "सर, आगे क्या हुआ?" शेनमू या जपानी व्हिडिओ गेमच्या चाहत्यांनी हाच सवाल अठरा वर्षं उराशी बाळगला.

१९९९ साली यू सुझुकी यांनी सेगा कंपनीसाठी हा गेम बनवला. काळ १९८६चा, शहर योकोसुका. र्‍यो नावाचा तरुण बापाच्या मारेकऱ्याच्या शोधात निघतो. मारामारी थोडी, वणवण फार. दारोदार चौकशी करायची, बंदरावर राबून पैसे कमवायचे. कुणी संध्याकाळी बोलावलं, तर संध्याकाळ होईपर्यंत गल्लीबोळांत वेळ काढायचा. इंतजार करायला आम्ही इथंच शिकलो! २००१च्या दुसऱ्या भागात र्‍यो हाँगकाँगमार्गे चीनमधल्या एका गुहेत पोचला आणि गोष्ट तिथंच अडली.

आम्ही हे दोन्ही भाग खेळलो ते २०१८ मध्ये संगणकावर आल्यानंतर. जुन्या चाहत्यांची वफा मात्र बघण्यासारखी. २०१५ मध्ये सुझुकींनी लोकवर्गणी मागितली, तेव्हा ६९ हजारांवर लोकांनी ६३ लाख डॉलर दिले. २०१९ मध्ये तिसरा भाग आला. र्‍यो मारेकऱ्याशी भिडला, हरला, पुन्हा वाटेला लागला. गोष्ट अधुरीच!

काही चाहते चिडले. आम्हाला काळजी वाटते. सुझुकींचा जन्म १९५८चा. दास्तानगो गप्प झाला, तर ऐकणाऱ्यांनी कुठं जायचं? चौथा भाग निघो न निघो, तो पोरगा घरी परतला का, एवढं तरी त्यांनी कुठंतरी लिहून ठेवावं.