नव्वद अंश फिरा!

‘‘तूच म्हणालीस, सनस्क्रीन लावताना अंगठी काढ!’’

‘‘टॉवेलवर ठेव असं नव्हते म्हणाले!’’

स्थळ : इंग्लंडमधला बोर्नमथचा किनारा. माझ्या ऑनसाइटचा पहिलाच उन्हाळा. अंगठी बाबांची, त्यांच्या पहिल्या पगारातली. ते गेल्यावर माझ्या बोटात आलेली. टॉवेल झटकला नि अंगठी वाळूत गुडूप.

मी म्हणत होतो, फुटपाथपासून वीस पावलांवर. बायको म्हणत होती, आइस्क्रीमच्या टपरीच्या अगदी समोर. अंधार पडेपर्यंत आम्ही दोन ठिकाणी वाळू उकरली आणि परतताना कारमध्ये कुणी चकार शब्द काढला नाही.

शेजारच्या रिटायर्ड आजोबांना मेटल डिटेक्टरचा नाद. दुसऱ्या दिवशी तेच आले मदतीला. मला वाटलं, मशीन वाजणार, आपण खणणार, मिशन सक्सेसफुल. छे हो! तासाभरात कॅनच्या टॅब, चॉकलेटची चांदी आणि दोन पेन्सचं एक नाणं. टॅब म्हणून सोडूनही देता येईना, कारण सोन्याच्या अंगठीचा सिग्नल बऱ्याचदा तसाच असतो. त्यात माझे निम्मे खड्डे रिकामे. मशीन वाजायचं इथे, वस्तू असायची वीतभर पलीकडे.

‘‘मोठा खड्डा म्हणजे चुकलेला नेम,’’ आजोबा हसले. मग त्यांनी शिकवणी घेतली. दांड्याखालची ती चकती म्हणजे कॉइल. त्यांची होती ‘डबल डी’. आत तारेची दोन ‘डी’च्या आकाराची वेटोळी, मध्ये एकमेकांवर आलेली. जोर त्या मधल्या पट्टीत, पुढून मागे. म्हणून डावी-उजवीकडे फिरवली की वस्तू कुठल्या रेघेवर आहे ते नेमकं कळतं, पण रेघेवर पुढे की मागे, ते नाही. तेव्हा बोटाने वाळूत रेघ ओढायची, नव्वद अंशांत वळायचं आणि पुन्हा फिरवायची. दुसरी रेघ पहिलीला छेदते, तिथे खणायचं. कॉइल मात्र जमिनीला समांतर हवी. तिरकी झाली की नेम गेला.

तेवढ्यात बायको म्हणाली, ‘‘अरे, मग आपल्याही दोन रेघाच आहेत की!’’

खरंच की. मी वीस पावलांवर खणत होतो, पण टपरीपासून लांब. ती टपरीसमोर होती, पण पार पाण्याजवळ. टपरीसमोर उभं राहून आम्ही फुटपाथपासून वीस पावलं मोजली. तिथे आजूबाजूला कॉइल फिरवताना चौथ्या सिग्नलला दोन रेघा, एक फुली, चार बोटं वाळू... आणि बाबांची अंगठी! मला बोलताच येईना. बायकोनेच ती पुसली आणि माझ्या बोटात घातली.

आता घरी वाद पेटला आणि मी एकाच ठिकाणी उकरत बसलो, की ती शांतपणे म्हणते, ‘‘नव्वद अंश फीर!’’