हात सोडण्याची विद्या

गोदावरीच्या काठी वाढलेल्या त्या मुलाला उंचीचे भय ठाऊक नव्हते. उन्हाळ्याच्या सुटीत घाटाच्या पायरीवरून तो नदीत उडी घेई, हवेतच अंगाचा मुटका करी आणि पाण्याचे तुषार उडवीत हसत वर येई. परंतु बाराव्या वर्षी नाशिकच्या एका व्यायामशाळेत मल्लखांबावरून कोलांटी घेऊन खाली उतरण्याची वेळ आली, तेव्हा त्याचे हात खांबाला जणू चिकटून बसले. खाली नदी नव्हती, गादी होती.

मल्लखांब म्हणजे जमिनीत भक्कम पुरलेला व वर निमुळता होत गेलेला लाकडी खांब. त्याच्या माथ्यास बोंड म्हणतात, बोंडाखालच्या बारीक भागास मान आणि उरलेल्या भागास अंग. त्यावर एरंडेल चोळतात. त्यामुळे कातडी सोलवटत नाही. पण पकड ढिली झाली की शरीर घसरू लागते. म्हणून तीन वर्षे तो मुलगा एकच गोष्ट शिकला होता : धरून राहणे. अढी घालून डोके खाली जावो, बगली होवो की दसरंग, पकड सुटता कामा नये. आणि आता गुरुजी सांगत होते, "सोड!"

त्याने बोंड धरून पाय वर झोकले व हात सोडले. पण अंग पुरते वळण्याआधीच धास्तीने हातपाय पसरले. गिरकी मंदावली आणि तो खांद्यावर आदळला. हाड मोडले नाही. उमेद मात्र मोडली. दुसऱ्या दिवसापासून मनगट दुखत असल्याचे निमित्त सांगून तो भिंतीशी बसू लागला.

गुरुजी रागावले नाहीत. "माझेही मनगट एकदा असेच दुखले होते," एवढेच ते म्हणाले. मुलगा लाजला आणि उठला.

मग धडे पुन्हा जमिनीपासून सुरू झाले. गुडघे छातीशी आवळले की गिरकी वेगवान होते, अंग पसरले की ती मंदावते. म्हणून पसरायचे ते उतरताना, आधी नव्हे. पाय टेकताच गुडघे वाकवायचे, म्हणजे धक्का अंगात मुरतो. हे सारे तो प्रथम गादीवर, नंतर बुटक्या ठोकळ्यावरून आणि अखेर कमरेला दोर बांधून शिकला.

एके सायंकाळी गुरुजींनी बाळंभटदादा देवधरांची आख्यायिका सांगितली. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळी अली व गुलाब हे दोन मल्ल आव्हान देत पुण्यास आले. तरुण बाळंभटांनी मुदत मागितली आणि ते सप्तशृंगीच्या गडावर गेले. तेथे झाडांवरील माकडांच्या हालचालींतून त्यांना ही विद्या गवसली व त्यांनी अलीला चीत केले, असे सांगतात.

"माकड कधी पडत नाही का?" मुलाने विचारले.

"पडते की! म्हणून तर खालची फांदी धरायला शिकते."

ही विद्या पुढे दूरवर गेली. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिचे प्रात्यक्षिक दाखविले. २०१९ साली मुंबईत शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा भरली. त्या मुलाचे सारे जग मात्र बोंडापासून गादीपर्यंतच्या पाच-सहा हातांत सामावले होते.

अखेर दोर सोडण्याचा दिवस उजाडला. गुरुजी हात पुढे करून उभे राहिले, पण त्यांनी त्याला स्पर्श केला नाही. मुलाने बोंड आवळले, पाय झोकले आणि नेमक्या क्षणी हात सोडले. छप्पर, भिंत, जमीन डोळ्यांपुढून झरकन फिरली. पावले गादीला लागली, गुडघे वाकले आणि तो मटकन खाली बसला.

"आज बसलास," गुरुजी हसून म्हणाले, "उद्या उभा राहशील."

मुलाने तळहातांकडे पाहिले. ते अजून तेलाने ओलसर होते. तीन वर्षे घट्ट धरायला शिकलेल्या त्या हातांनाच केव्हा सोडावे हे आज कळले होते. तो उठला आणि पुन्हा खांबाकडे वळला.